श्रावणबाळचा पगार

नांदेड

ती. दादांस,


पत्र मिळालं. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातले 30 टक्के कापून ते आई-वडिलांच्या खात्यावर टाकायचे, हा लातूर जिल्हा परिषदेचा 2020 सालचा ठराव. त्याचा तुम्हाला अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण म्हातारपण ही लेकरांची जबाबदारी, सरकारनं त्यात पैसा का घालावा, हे तुमचं पुढचं म्हणणं मला पटलं नाही. कापायला आधी पगार तर असायला हवा, दादा!

मुखेड, कंधार, तुमच्याकडचं जळकोट, इथली माणसं दसरा-दिवाळी झाली की उचल घेऊन ऊसतोडीला जातात. मागं राहतात म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. मुखेडकडच्या एक मावशी माझ्या ओळखीच्या आहेत. लेक-सून दोघंही तोडीला. लेक वाईट नाही, पण उचल फिटून त्याच्या हातात उरतं काय? मावशींची भिस्त राज्य सरकारच्या श्रावणबाळ योजनेतल्या महिन्याच्या 1500 रुपयांवर. मध्ये काही महिने हा त्यांचा ‘पगार’ आलाच नाही. बँकेत विचारलं तर तहसीलला जा, तहसीलला गेलं तर वरून निधी आला नाही. त्यांनी बीपीची गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. पुढं थकलेले पैसे एकदम जमा झाले, कागदोपत्री हिशेब मिटला. पण न घेतलेल्या गोळ्या मागच्या तारखेनं घेता येतात का?

आपली पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते, महागाई वाढली की भत्ता वाढतो. मावशींचे 1000 चे 1500 झाले 2023 मध्ये, तेही सरकारच्या मनात आलं म्हणून. केंद्राचंही तसंच. त्याच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत 60 ते 79 वयाच्या माणसामागं केंद्राचा वाटा 200 रुपये आहे. 2007 साली तो तेवढाच होता! बाकीची भर राज्य घालतं. म्हणजे राज्याची तिजोरी आवळली की पहिला चिमटा बसतो तो ज्याला मोर्चा काढायला चालवत नाही त्याला.

आणि श्रावणबाळसाठी उत्पन्नाची अट पाहा. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत. 2024-25 मध्ये आपल्याकडं रोजगार हमीची मजुरी 297 रुपये होती. घरातल्या एकाच माणसानं 71 दिवस काम केलं की 21,087 रुपये होतात आणि म्हातारी अटीबाहेर जाते. अशा अटीत बसायचं तर तलाठ्याकडं खोटंच सांगावं लागणार. तुम्ही बोगस लाभार्थ्यांचं लिहिलंत. आहेत ते, काढा त्यांना. पण ही अट खऱ्या गरिबालाही खोटं बोलायला लावते, हेही त्याच दमात म्हणायला हवं.

2007 चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मी पुन्हा वाचला. लेकरांना तो बांधून घेतो. महिना 10,000 पर्यंत निर्वाहभत्ता, टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. त्याच कायद्याच्या 19 व्या कलमात जिल्ह्यागणिक निदान एक, 150 निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम आहे. तो मात्र सरकारनं काढलाच पाहिजे असं नाही. सरकार काढू शकेल, एवढंच. लेकरांना सक्ती आणि सरकारला सवलत, हा न्याय मला मान्य नाही. ज्या माणसांनी रोजगार हमीच्या रस्त्यांवर खडी फोडली, पाझर तलाव खोदले, त्यांच्यावर आपण उपकार करत नाही आहोत.

तुमच्या पेन्शनर संघटनेची बैठक अर्थसंकल्पाच्या अधिवेशनाआधी होते ना? निवेदनात आपल्या मागण्यांच्या वर या तीन घाला. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेचे पैसे ठरल्या तारखेला मिळावेत आणि त्यासाठी वर्षाची तरतूद आधीच बाजूला काढून ठेवावी. रक्कम महागाईशी बांधावी. आणि 21,000 ची अट बदलावी. तुमच्या लोकांना कचेऱ्या माहीत आहेत, निवेदन कसं लिहायचं ते कळतं, आमदार तुम्हाला बसायला खुर्ची देतात. मावशींना कोण देणार?

मसुदा झाला की पाठवा. मुखेड-कंधारकडच्या सह्या आणि अंगठे मी गोळा करते, जळकोट-उदगीरचं तुम्ही बघा. वहिनींना नमस्कार.

तुमची,
ताई