न्यूट्रल तुटेल हे धरूनच

गावातल्या दूध संकलन केंद्रावर काम चालतं ते सकाळी आणि संध्याकाळी. नेमका त्याच वेळी काटा किंवा फॅटमशीन बंद पडलं, तर किटल्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांनी काय करायचं? अशा यंत्रांचे पॉवर सप्लाय डिझाइन करणं हे माझं काम. कागदावर २३० व्होल्ट असतात. शेतीपंप सुरू झाले की लाइन १६० वरही येते. सप्लायला तेवढेच वॅट द्यायचे असल्याने तो तेव्हा जास्त करंट ओढतो, म्हणून फ्यूज आणि रेक्टिफायर मी खालच्या व्होल्टेजला मोजतो. इथवर अवघड काही नाही.

खरी कसोटी न्यूट्रलची. डीपीकडून येणारा न्यूट्रल तुटला की दोन वेगळ्या फेजवरचे लोड ४१५ व्होल्टांवर एकमेकांच्या सिरीजमध्ये येतात. ज्याचा लोड हलका, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. पलीकडच्या फेजवर कुणी पाणी तापवायची कॉइल लावली असेल, तर आपल्या पाच-दहा वॅटच्या यंत्रावर जवळजवळ सगळे ४१५ येतात. रेक्टिफायरनंतर ते होतात ५८५. तिथे ४०० व्होल्टचा कपॅसिटर फुटणारच. ‘एमओव्ही लावलाय ना?’ असं हमखास विचारतात. २७५ व्होल्टचा एमओव्ही क्षणभराचा झटका झेलतो. वायरमन येईपर्यंत टिकून राहणारं व्होल्टेज त्यालाच जाळतं. म्हणून मी ५१० चा लावतो, दोन कपॅसिटर सिरीजमध्ये घेतो, व्होल्टेज सारखं वाटलं जावं म्हणून दोघांवर रेझिस्टर टाकतो, आणि मॉस्फेटही त्याच हिशोबाने वरच्या रेटिंगचा. खर्च वाढतो. त्यावरून खरेदीवाल्यांशी दरवेळी वाद होतो, आणि तो मी सोडत नाही.

उरली उष्णता. १०५ अंशांचा, २००० तासांचा कपॅसिटर म्हणजे पूर्ण तापलेला असताना तीन महिन्यांचाही सोबती नाही. दर दहा अंश उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होतं. ६५ अंशांवर तोच साडेतीन वर्षं चालतो. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात डब्याच्या आत ६५ राखणं सोपं नाही. लेआउट करणाऱ्या मुलांना मी आधी कपॅसिटरची जागा ठरवायला लावतो, डायोड आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब, हवा फिरेल अशी. बाकीचे पार्ट मग उरलेल्या जागेत.