लोडचा हिशेब

वायरमनच्या परीक्षेचा अभ्यास करताना घराच्या लोडचं गणित मला फार सोपं वाटायचं. नुसती बेरीजच की! दिवा 60 वॅट, पंखा 60, पाच अँपिअरचा प्लग 100, पॉवर प्लग 1000. भिंतीवर पंखा असो की नुसता हूक, पुस्तकातला आकडा धरायचा.

आमची वस्ती पाथर्डी तालुक्यात, ऊसतोडीवर जगणारी. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकात संसार चढायचा. कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्यात माणसं माघारी यायची. त्याच उन्हाळ्यात माझ्या चुलतीनं, नानीनं, उचलीतले पैसे साठवून तीन खोल्यांवर स्लॅब टाकला. वायरिंग करायला मी.

नानी म्हणाली, "आरं, घराला सहा महिने कुलूप आसतं. एक लाइट आत, एक भायेर. बारीक वायर घाल अन् मोकळा हो."

पैशाचा प्रश्न होता, तिचं चूक नव्हतं. मी वहीच्या पानावर गणित मांडलं. 6 दिव्यांचे 360, 3 पंख्यांचे 180, 3 प्लगचे 300. झाले 840 वॅट आणि पॉइंट 12. लाइटच्या एका सर्किटवर 10 पॉइंट किंवा 800 वॅट, याच्यावर जायचं नाही असा नियम. म्हणजे सर्किटं दोन. पॉवर प्लगची लाइन वेगळी. एकूण 1840 वॅट, भागिले 230 व्होल्ट, बरोबर 8 अँपिअर.

"एवढं आपल्याकडं हाय तरी का?" नानीनं विचारलं.

"आज नाही नानी. पण वायर भिंतीत गेली की परत काढायची म्हणजे भिंत फोडायची. बारीक वायरीवर जास्त लोड आला की ती तापते, वरचं प्लास्टिक वितळतं, अन् आतल्या आत जळते. कुणाला कळतबी नाही."

ती बराच वेळ बोलली नाही. बोटांवर काहीतरी मोजत होती. मला वाटलं, पैसे मोजतेय. मग म्हणाली, "दोन्ही पोरं, उद्या सुना, नातवंडं. पाणी तापवायला ते हीटर लागंल. घाल तुझ्या हिशेबानं."

पाण्यात टाकायचा साधा हीटर 1500 वॅटचा असतो, पुस्तकातल्या 1000 पेक्षा जास्त. म्हणून पॉवरला मी चार स्क्वेअरची तांब्याची वायर ओढली, लाइटला दीडची. अर्थिंगचा खड्डा नानीच्या पोरांनीच खांदला. वायरीपायी स्वयंपाकघराची फरशी मात्र त्या वर्षी राहिली.

त्या दिवशी मला गणित खरं कळलं. पुस्तक घर भरलेलं धरतं, आणि नानीनंही तेच धरलं होतं. कुलपाचा हिशेब तिनं एका बाजूला ठेवला.

आता 60 वॅटच्या दिव्याचं काम 9 वॅटचा एलईडी करतो. दिव्यांचा लोड उतरला, पण फ्रिज आला, हीटर आला. कुणाचंही घर बघायला गेलो की मी आधी विचारतो, "माणसं किती? अन् बाहेरगावी कोण कोण गेलंय?"