साडेसहा मिनिटे

अर्जांच्या सहवासात ज्याचे दिवस सरतात, त्याला पहाटेची ओळख सहसा होत नाही. मला ती पुतण्यामुळे झाली. नौदलात अग्निवीर होण्याच्या तयारीसाठी तो यंदा आमच्या भुवनेश्वरच्या क्वार्टरात येऊन राहिला आहे. नौदलाचे चिल्का येथील शिक्षणकेंद्र याच ओडिशात, याचाही त्याला धीर वाटत असावा.

१.६ किलोमीटर धाव साडेसहा मिनिटांत, शिवाय २० बैठका आणि जोर! कागदावर एका ओळीत मावणारी ही अट पायांत उतरायला महिनोन्‌महिने लागतात.

अर्जाचे काम अर्थातच माझे. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव आणि जन्मतारीख मी अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. वैद्यकीय तपासणीपूर्वी कानांतील मळ व दातांवरील कीटण काढून यावे, अशीही सूचना जाहिरातीत असते. सागराच्या रक्षकाची पात्रता कानाच्या मळापासून सुरू व्हावी, याचे मला प्रथम हसू आले. मग वाटले, मोठ्या ध्येयांची दारे अशीच ठेंगणी असतात.

त्याचे विसावे वर्ष सरत आले आहे; वयाची मर्यादा एकविसाची. त्यातून २०२२ च्या अग्निपथ योजनेप्रमाणे नोकरी चार वर्षांची, आणि पुढे फार तर चौथा हिस्सा कायम. साठीपर्यंतची शाश्वती लाभलेल्या मला हे बोचते. तो मात्र बुटांचे बंद आवळीत म्हणतो, ‘‘काका, चार वर्षांनंतरचं तेव्हा बघू. आधी साडेसहा मिनिटांचं बघतो.’’

मी भविष्य वर्षांनी मोजतो, तो सेकंदांनी. दोघांत शहाणा कोण, हे ठरविण्याचा अधिकार माझ्या पदाला नाही.