माथेरानची लाल वाट

काही शब्द भाषांतरकाराच्या टेबलावर दिवसभर ठाण मांडून बसतात आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर घरीही येतात. पर्यटन-नियोजनावरील एका लेखाचा अनुवाद करीत असता ‘स्टेकहोल्डर’ हा शब्द असाच आडवा आला. ‘भागधारक’ म्हणावे, तर तो कंपनीचे शेअर घेणारा. ‘हितसंबंधी’ म्हणावे, तर त्याला संशयाचा वास. अखेर ‘संबंधित घटक’ असे लिहिले आणि मनातून ओशाळलो. कारण मला माथेरान आठवले.

नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे गावात तिला मज्जाव. १९०७ मध्ये छोटी आगगाडी येथवर पोहोचली, परंतु मोटारींचा धूर झाडीत शिरला नाही. २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला. आपण शहरवासी ज्या शांततेसाठी तेथे जातो, ती अशी राखलेली आहे.

काही वर्षांपूर्वी आईला घेऊन गेलो होतो. तिचे गुडघे दुखत, घोड्यावर बसवेना. म्हणून हातरिक्षा ठरविली. एक जण ओढीत होता, दुसरा मागून रेटीत होता. चढ लागताच आई अवघडून गेली. निम्म्या वाटेत, "मी चालते आता," म्हणून ती उतरली. तो ओढणारा मात्र पार घाबरला. "आई, बसा ना! आम्हांला सवय आहे." भाडे कापले जाईल, अशी त्याला धास्ती! भाडे पूर्ण देईन असे मी सांगितले, तेव्हा कोठे त्याने कपाळ पुसले.

घोडेवाल्याचे दुःख निराळे. रस्त्यावर बसविलेल्या ठोकळ्यांवरून घोडे घसरतात, अशी त्याची तक्रार. आणि विजेच्या रिक्षा आल्यावर घोड्यावर बसणार कोण? गावातल्या आयांना मात्र त्याच रिक्षा हव्या होत्या, कारण पावसाळ्यात त्यांच्या मुलांना शाळेसाठी चिखल तुडवावा लागे. यांतील खोटे कोण बोलत होते? मला तरी कोणी दिसला नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये विजेच्या रिक्षांची चाचणी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही रीत सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने मिळाव्यात आणि त्यासाठी निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. ठोकळ्यांची वाट दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच. आतील रस्ते मातीचेच राहावेत, असा त्यात निर्णय आहे. घोडेवाल्याचे पुढे काय, हे कोडे अर्थात त्याने सुटले नाही.

ही बातमी मी आईला वाचून दाखविली. ती भाजी निवडीत होती. हात थांबवून तिने विचारले, "आपल्या त्या दोघांना मिळाली असेल का रे त्यांतली एखादी रिक्षा?"