झडती घेणारी बाई

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा मोठा तळ होता, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, तरी पत्ता सांगताना तिथे आजही कॅम्प नंबर एक ते पाच हाच हिशेब चालतो. युद्धकाळात शेजारी अंबरनाथला विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना, पुढे बदलापूर, आणि तिन्ही गावांतून जाणारी कल्याण-कर्जतची रेल्वे. युद्धकाळातल्या रहस्यकादंबरीला जागा आयतीच आहे. तपास करणारी बाई कोण असावी, एवढंच ठरवायचं. लेखकाचा हात पटकन जातो तो खाकी कपड्यांकडे: धडाडीची महिला फौजदार, कमरेला पिस्तूल. माझा आक्षेप काळाच्या चुकीला फारसा नाही. अशा नायिकेने गोष्ट पातळ होते, याला आहे.

ज्या देशात बायका युद्धामुळे पोलिसांत शिरल्या, तिथलं चित्र बघा. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ग्रँथमजवळ लष्करी छावणी पडली आणि 1915 मध्ये तिथे एडिथ स्मिथ यांना अटकेचे पूर्ण अधिकार मिळाले. पूर्वी त्या सुईण होत्या. त्यांच्या आधीच त्या गावात स्वयंसेवक महिला पोलिसांनी गस्त सुरू केली होती, आणि तिचा रोख सैनिकांवर नव्हता, गावातल्या बायकांवर होता. रात्री बाहेर पडायची बंदी बायकांना, आणि ती पाळली जाते की नाही हे बघायला दारात उभी राहणारीही बाईच. या स्वयंसेवक महिला पोलिसांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी नीना बॉइल यांनी याला कडाडून विरोध केला. सहसंस्थापक मार्गारेट डेमर डॉसन यांनी काम चालूच ठेवलं, आणि संघटना फुटली. हक्क मागायला निघालेल्या बायकांच्या हाती आला तो दुसऱ्या बायकांवरचा पहारा. खुनाच्या कोड्यापेक्षा हे कोडं मला अवघड वाटतं.

आपल्याकडे तर वर्दीचीही गरज नव्हती. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत स्पष्ट लिहिलं होतं की बाईची झडती घ्यायची तर ती दुसऱ्या बाईनेच, मर्यादा राखून. कॉन्स्टेबल दाराबाहेर थांबणार आणि आत लुगड्याच्या ओच्यात, अंबाड्यात, पोलक्याच्या शिवणीत हात घालणार कोणीतरी बोलावून आणलेली बाई. तिला ना पगारी हुद्दा, ना अटकेचा अधिकार. पण फौजदाराला जे कधीच दिसणार नाही ते तिला पहिल्यांदा दिसणार. सापडलेली चिठ्ठी पंचांपुढे ठेवायची की परत ओच्यात सारायची, हे ठरवायला तिच्याजवळ क्षणभरच असतो.

कोणी म्हणेल, कादंबरी म्हणजे गॅझेटियर नव्हे, लेखकाला मोकळीक हवी. हवीच. माणसं खुशाल कल्पनेतली असोत. अधिकार मात्र उसना दिला की अडचण संपते, आणि अडचण संपली की रहस्यकथेत उरतं काय? नुसता पाठलाग. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: अशी बिनहुद्द्याची नायिका म्हणजे पुन्हा बाईला दाराआड बसवणं. पण तिला दाराआड बसवलं त्या काळच्या कायद्याने. लेखकाने ते झाकलं, तर ज्या बायकांनी अधिकाराविना ही कामं निभावली त्या दुसऱ्यांदा पुसल्या जातात. वर खाकीतली नायिका बघून वाचकाला वाटतं, सगळं केव्हाच सुरळीत होतं.

तेव्हा कल्याण कॅम्पवर कादंबरी लिहायला कोणी बसणार असेल, तर पिस्तूल खुशाल फौजदाराकडे राहू द्या. गोष्ट झडतीच्या खोलीतून सांगा.