गाडी नसलेल्यांचे घर

पुण्यात घर पाहायला गेलो की आम्हां दोघांना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला नावाचा. पुष्कळ ठिकाणी बोलणे तिथेच संपते. ते का संपते, हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जिथे बोलणे पुढे सरकते तिथे दुसरा प्रश्न येतो, "गाडी कोणती आहे?" नाही म्हटले की समोरचा माणूस धीर दिल्यासारखा म्हणतो, "आज नसली म्हणून काय, उद्या घ्याल की."

आम्ही उत्रोलीचे. घराभोवती भाताची खाचरे, भोरचा बाजार चालत जाण्याइतका जवळ. नोकरी मात्र पुण्यातल्या उर्दू शाळेत, त्यामुळे रोज एस.टी.ने पन्नास किलोमीटर जाणे आणि तेवढेच परत येणे. चार तास रस्त्यावर जातात. मगरिबला क्वचितच घरी असतो. म्हणून शहरात दोन खोल्या घ्यायच्या ठरवल्या. अट एकच होती : शाळा, मशीद, भाजी आणि दवाखाना पायी गाठता आला पाहिजे आणि मुलांना दाराबाहेर सोडताना जीव टांगणीला लागू नये.

कोंढव्यात एक फ्लॅट पसंत पडला. हिशेबाच्या कागदावर पार्किंगची रक्कम पाहून आम्ही म्हटले, आम्हांला गाडी नाही, ही जागा नको, तेवढे पैसे कमी करा. बांधकामवाला हसला. पार्किंग किमतीतच धरलेले आहे, वेगळे काढता येत नाही, म्हणाला. तो अगदीच खोटे बोलत नव्हता. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे इमारत बांधायची तर गाड्यांसाठी जागा सोडावीच लागते. म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही त्यानेही गाडीसाठी घर बांधायचे. त्या रकमेसाठी आम्हांला खाचराचा एक तुकडा विकावा लागणार होता. अब्बांनी पोट मारून घेतलेला तुकडा, आणि तो विकायचा कशासाठी, तर कधीच न येणाऱ्या मोटारीसाठी!

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात वोबाँ नावाची वस्ती आहे. जुन्या लष्करी बराकींच्या जागी ती उभी राहिली. तिथे ज्याला गाडी ठेवायची असेल त्याने वस्तीच्या कडेला असलेल्या वाहनतळात वेगळे पैसे मोजून जागा घ्यायची. ज्याला गाडी नाही, त्याने तसे लिहून द्यायचे आणि तो खर्च टाळायचा. घरे भरली आहेत आणि रस्त्यांवर मुले खेळतात. अशा घरांना मागणी नाही, असे आपल्याकडे म्हणतात. मागणी आहे की नाही हे कळायचे तरी कसे? घर आणि पार्किंग एकाच पुडीत बांधून विकले, तर नुसते घर मागणारा मोजला जाणार कुठे?

तसे पाहिले तर मोटारीवाचूनची वस्ती दाखवायला जर्मनीपर्यंत जायचीही गरज नाही. शाळेची सहल घेऊन आम्ही माथेरानला गेलो होतो. नेरळहून वर जाणारी दोन फुटी रुळांची गाडी १९०७ साली सुरू झाली. ती बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, पैसा त्यांच्या वडिलांचा, सर आदमजींचा. हे सांगितले तेव्हा मुलांच्या माना ताठ झाल्या. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार नेता येत नाही. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केल्यावर तो नियम आणखी पक्का झाला. लाल मातीच्या रस्त्यावर आमची चाळीस मुले हात सोडून पळाली आणि आम्ही त्यांना ओरडलो नाही. पुण्यात हे एकदाही घडलेले नाही.

पण त्याच रस्त्यावर एका जाडजूड पाहुण्याला हातरिक्षातून ओढत नेणारा माणूसही मुलांनी पाहिला. एकाने विचारले, "उस्ताद, यांच्यापेक्षा मोटार बरी नाही का?" आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्यास आणि तिच्या जागी ई-रिक्षा आणण्यास सांगितले. त्या मुलाला हे वाचून दाखवायला हवे होते, पण तोवर तो शाळा सोडून गेला होता.

त्याचा प्रश्न आम्हांला मोमिनपुऱ्यात पुन्हा भेटला. आमची फुफीअम्मा तिथल्या एका बोळात चाळीस वर्षे राहिली. त्या बोळात मोटार शिरतच नाही. दुपारी दारात बाज टाकून ती बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सलाम आणि मुलांना दटावणी, हा तिचा दरबार. तिला पक्षाघात झाला त्या रात्री रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशी थांबली. मोहल्ल्यातल्या पोरांनी तिला खुर्चीवर बसवून धावत नेले. ती वाचली, पण मुलांनी धसका घेतला आणि तिला कोंढव्यात सातव्या मजल्यावर नेले. लिफ्ट आहे, खाली रुग्णवाहिका दारापर्यंत येते. फुफीअम्मा मात्र खाली उतरत नाही. उतरून बसणार कुठे? खाली सगळ्या गाड्याच उभ्या असतात.

बोळातले तिचे घर विकायचे निघाले तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. शाळा वीस मिनिटांवर, मशीद दोन मिनिटांवर. कर्जासाठी बँकेत गेलो. मूल्यमापन करणारा साहेब येऊन बोळ मोजून गेला आणि म्हणाला, गाडी जात नाही, अशा घराला कर्ज बसणार नाही.

नव्या घराला कर्ज मिळते, पण ते गाडीसकट घ्यावे लागते. जुन्या घरात गाडी नाही, म्हणून कर्ज नाही.

गेल्या रविवारी फुफीअम्माला भेटायला गेलो. खिडकीशी बसली होती. घर कुणाला दिले, तिने विचारले. अजून कुणालाच नाही, आम्ही सांगितले. तिने बराच वेळ तसबीह फिरवली, मग म्हणाली, "तुम्ही घ्या. पैसे हप्त्याने द्या. पण बाज काढू नका दारातली." तिच्या थोरल्या मुलाने मान खाली घातली. त्याला एकरकमी पैसे हवे आहेत, त्याच्या फ्लॅटचे पार्किंग अजून फिटायचे आहे.

आम्ही त्याच्याकडे एक महिन्याची मुदत मागितली आहे.