किल्ल्यातलं कोर्ट

इंग्लंडमधल्या लिंकनच्या किल्ल्यात आजही कोर्ट भरतं. पूर्वेच्या दरवाज्यातून आत शिरलं की समोर मोठी हिरवळ, आणि तिच्या पलीकडे रॉबर्ट स्मर्क या वास्तुशिल्पकाराने १८२०च्या दशकात बांधलेली दगडी इमारत. हिरवळीवर सहलीला आलेली शाळेची मुलं डबे उघडून बसली होती. त्यांच्या बाजूने दोन वकील फायलींनी फुगलेली चाकांची बॅग ओढत लगबगीने निघाले होते. त्यांची चाल बघूनच कळलं, पुकारा होत आला असणार. बायको म्हणाली, "अहो, निवृत्त झालात तरी कोर्टाने काही तुमची पाठ सोडली नाही!"

माझी उभी हयात जिल्हा न्यायालयात गेली, शेवटची काही वर्षं शिरस्तेदार म्हणून. लेक नॉटिंगहॅमला असते. तिथून लिंकनला रेल्वेने तासाभरात पोचता येतं. स्टेशन खाली नदीकाठी, आणि किल्ला नि कॅथीड्रल वर टेकडीच्या माथ्यावर. वाटेत हाय ब्रिज लागतो. बाराव्या शतकातल्या या पुलावर चक्क लाकडी चौकटीची घरं उभी आहेत. पुढच्या चढाच्या रस्त्याचं नावच स्टीप हिल. कडेला लोखंडी कठडा आहे, त्याला धरून सावकाश चढायचं.

हा किल्ला विल्यम द कॉन्कररने १०६८ साली बांधायला घेतला. नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकल्याला दोनच वर्षं झाली होती आणि उत्तरेकडे बंडाळी चालू होती. जागा निवडली ती जुन्या रोमन वसाहतीची, भर वस्तीतली. डूम्सडे बुकात, म्हणजे त्याच राजाने करून घेतलेल्या जमीन-महसुलाच्या पाहणीत, नोंद आहे की किल्ल्यासाठी १६६ घरं पाडली. आमच्या कोर्टात भूसंपादनाचे दावे वीस-वीस वर्षं चालताना मी पाहिलेत. इथे दाव्याचा प्रश्नच नव्हता.

किल्ला म्हटला की आपण लढाया शोधतो. त्या इथेही आहेत. ११४१ साली स्टीफन राजा लिंकनच्या लढाईत पकडला गेला. मला भावली ती मात्र निकोला द ला हे. वडिलांकडून किल्लेदारी तिच्याकडे आली होती. ११९१ साली तिने एक वेढा परतवला होता. साठी उलटल्यावर तिने जॉन राजासमोर किल्ल्याच्या किल्ल्या धरल्या, आता वय झालं म्हणाली. राजाने त्या परत तिच्याच हाती दिल्या आणि १२१६ साली तिला लिंकनशरची शेरीफही नेमलं. पुढच्याच वर्षी फ्रेंच फौज आणि बंडखोर सरदार शहरात घुसले, पण किल्ला काही त्यांना मिळाला नाही. मे १२१७ मध्ये विल्यम मार्शल मदतीला धावून आला, तोही सत्तरीचा. शत्रू हरला. आणि मग जिंकलेल्या सैन्याने लिंकन शहरच लुटलं. होड्यांत दाटीवाटीने बसून पळणारी बायका-मुलं नदीत बुडाल्याचं बखरकारांनी लिहून ठेवलं आहे. या लुटीला तेव्हाचे लोक 'लिंकनची जत्रा' म्हणत.

तुरुंगात मात्र आम्ही ठरवलं होतं त्याहून बराच जास्त वेळ काढला. किल्ल्याच्या आवारात १८४८ ते १८७८ अशी तीस वर्षं व्हिक्टोरियाच्या काळातला तुरुंग चालला. कल्पना अशी की कैदी एकमेकांच्या संगतीने बिघडतो, म्हणून त्याला एकट्याला कोठडीत ठेवायचं. सोबत बायबल. एकांतात त्याला पश्चात्ताप होईल आणि तो सुधारेल. कागदावर ही योजना किती स्वच्छ दिसत असेल!

तिचं खरं रूप दिसतं ते प्रार्थनागृहात. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या ओळी आणि प्रत्येक ओळीत लाकडाचे उंच, अरुंद कप्पे. एका कप्प्यात एक कैदी. दोन्ही बाजूंना फळ्या, त्यामुळे शेजारचा दिसत नाही. पुढे बघितलं तर फक्त धर्मोपदेशक दिसणार, आणि त्याला मात्र वरून सगळे दिसणार. बायको एका कप्प्यात जाऊन उभी राहिली. मी शेजारच्यात होतो. "अहो, आहात का तिथे?" तिने विचारलं. आमच्यात जेमतेम हातभर अंतर होतं. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही, तर तिने फळीवर टकटक केलं. कैद्यांनीही केलं असेलच की. लाकूड अजून टणक आहे, सुतारकाम उत्तम आहे. सुताराने मन लावून केलेलं काम आहे ते, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

तटाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या कॉब हॉल नावाच्या बुरुजावर १८५९ पर्यंत जाहीर फाशी देत. खाली बघ्यांची झुंबड उडे. फाशी गेलेल्यांना लूसी टॉवरमध्ये पुरलं आहे. मातीच्या उंचवट्यावर दगडी कडं, आत गवत, आणि गवतात गुडघ्याएवढेही उंच नसलेले दगड. दगडांवर पूर्ण नावं नाहीत, फक्त आद्याक्षरं आणि तारीख. प्रिसिला बिगडाइक ही बाई इथेच आहे. नवऱ्याला आर्सेनिक घातल्याच्या आरोपावरून १८६८च्या डिसेंबरात तिला फाशी दिलं. शेवटपर्यंत ती नाहीच म्हणत राहिली. पुढे तिच्या घरी राहणाऱ्या भाडेकरूने मरताना गुन्हा कबूल केल्याचं सांगतात.

हे सगळं पाहून झाल्यावर आम्ही मॅग्ना कार्टा ठेवलेल्या तळघरात उतरलो. १२१५ साली जॉन राजाने सरदारांना दिलेल्या या सनदेच्या तेव्हाच्या फक्त चार प्रती उरल्या आहेत, त्यांतली एक लिंकनची. तेव्हाचे लिंकनचे बिशप, ह्यू ऑफ वेल्स, ती ठरली त्या वेळी हजर होते. राजाच्या कचेरीतून तेव्हा या प्रती निघाल्या त्या आमच्या नक्कल विभागातून निघत तशाच, एकाच मजकुराच्या, आणि प्रत्येक तितकीच अस्सल. कातड्यावर बारीक लॅटिन अक्षरं, ओळीला ओळ खेटून. उजेड जेमतेम. १९३९ साली ही प्रत न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाला गेली आणि युद्ध पेटल्यामुळे अमेरिकेतच अडकली. काही काळ तर सोन्यासोबत फोर्ट नॉक्समध्ये होती. शेजारीच १२१७ची वनसनद आहे, रानात गुरं चारण्याचा नि सरपण आणण्याचा हक्क देणारी. तिच्या त्या सालच्या दोनच प्रती आहेत, दुसरी डरहॅमला. सरदारांच्या सनदेपुढे लोकांची गर्दी होती, या सरपणाच्या सनदेपुढे आम्ही दोघंच.

मॅग्ना कार्टात एक कलम आहे. न्याय कुणालाही विकणार नाही, नाकारणार नाही आणि लांबवणारही नाही, असा त्याचा आशय. परतल्यावर लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, 'लांबवणार नाही' हे तुमच्या कोर्टात कुणी वाचलं नव्हतं वाटतं." मी काय बोलणार? तारखांचा बोर्ड मीच लिहीत होतो.

कॅथीड्रलवर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी थोडक्यात सांगतो. ११८५च्या भूकंपात पडझड झाल्यावर ह्यू नावाच्याच आधीच्या एका बिशपने ते नव्याने बांधायला घेतलं. १३११ साली मधल्या मनोऱ्यावर चढवलेला कळस गिझाच्या पिरॅमिडहून उंच होता म्हणतात. १५४८ मध्ये तो कोसळला, पुन्हा कुणी बांधला नाही. आत गायकवृंदाच्या दक्षिणेच्या वाटेवर एका मुलाच्या समाधीचे अवशेष आहेत. १२५५ साली ह्यू नावाचा मुलगा मेलेला सापडला आणि ज्यूंनी त्याचा बळी दिला अशी आवई उठली. निव्वळ ख्रिस्ती लोकांच्या ज्यूरीपुढे उभं राहायला नकार दिला म्हणून १८ ज्यूंना लंडनमध्ये फाशी दिलं. न्याय नाकारणार नाही म्हणणाऱ्या त्या कलमाला तेव्हा बरोबर चाळीस वर्षं झाली होती. आज तिथे पाटी आहे, ही गोष्ट खोटी होती असं कबूल करणारी. वर येताना आम्ही ज्या 'ज्यूज हाउस'समोर दम खायला थांबलो होतो, ते बाराव्या शतकातलं घर तेव्हाही त्याच जागी होतं.

जाणार असाल तर कामाच्या दिवशी जा, म्हणजे कोर्टाची वर्दळ दिसेल. किल्ल्याच्या आवारात फिरायला पैसे पडत नाहीत, तिकीट तुरुंग, तट आणि तळघरासाठी. आधी तुरुंग बघा, सनद त्यानंतर. आणि कॅथीड्रलमधली ती पाटी तेवढी चुकवू नका. लोक माना वर करून छत बघत पुढे जातात, आणि ती राहून जाते.